‘रेअर कलर’चं पिल्लू घेताय? आधी त्याच्या आई-बापाचा रंग विचारा

इन्स्टाग्रामवर कुत्र्यांच्या पिल्लांच्या रील्स बघत असाल, तर ‘रेअर मर्ल पपी अव्हेलेबल’ ही ओळ तुमच्यासमोर कधी ना कधी आली असेलच. राखाडी-निळसर अंग, त्यावर शाई उडाल्यासारखे काळे शिंतोडे, एखादा डोळा निळा. खाली कमेंटमध्ये ‘प्राइस प्लीज’ची रांग. किंमत इनबॉक्समध्ये कळते आणि ती साध्या रंगाच्या पिल्लापेक्षा चढीच असते.

आता रंगात एवढं काय? एक काळा आवडतो, एकाला ठिपके आवडतात. पण कुत्र्यांच्या बाबतीत काही रंग फक्त केसांपुरते थांबत नाहीत. ते कानापर्यंत आणि डोळ्यापर्यंत जातात.

मर्ल ही कुत्र्याची जात नाही, ती रंगाची नक्षी आहे. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, बॉर्डर कोली या जातींमध्ये ती जुनी आहे. डॅशहंडमध्ये तिलाच ‘डॅपल’ म्हणतात. 2006 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी तिचं मूळ शोधलं. रंगद्रव्य तयार करण्याशी संबंधित एका जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे अंगावरचा काळा रंग काही ठिकाणी फिका पडतो, काही ठिकाणी तसाच राहतो.

प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. मर्लची एकच प्रत आली तर ती रीलमध्ये दिसणारी नक्षी. पण आई आणि बाप दोघंही मर्ल असतील, तर दोन्ही प्रती मर्लच्या येण्याची शक्यता 25 टक्के असते. यालाच ‘डबल मर्ल’ म्हणतात. ‘चारात एक’ म्हणजे चार पिल्लं झाली की त्यातलं एकच तसं निघणार, असा हिशोब नाही. प्रत्येक पिल्लासाठी नाणं नव्याने उडतं. एका वेतात एकही नसेल, पुढच्या वेतात तिघं असतील.

डबल मर्ल पिल्लू बहुतेक वेळा बरंचसं पांढरं असतं. कारण मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी तिथे नीट काम करत नाहीत किंवा पोहोचतच नाहीत. आणि या पेशी फक्त केस रंगवत नाहीत. कानाच्या आतल्या भागात आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी जिवंत ठेवायलाही त्या लागतात. तिथे रंगपेशी नसल्या की जन्मानंतर काही आठवड्यांतच आवाज टिपणाऱ्या पेशी मरतात आणि पिल्लू कायमचं बहिरं होतं. काहींचे डोळे नीट वाढत नाहीत. ते अगदी बारीक राहतात, काही पिल्लं आंधळी असतात.

2009 मध्ये अमेरिकेत 153 मर्ल कुत्र्यांच्या कानांची तपासणी झाली. एक प्रत असलेल्यांमध्ये शंभरात साधारण 3 ते 4 कुत्र्यांच्या एका तरी कानात बहिरेपण सापडलं. डबल मर्लमध्ये हे प्रमाण 25 टक्के होतं आणि एकूण डबल मर्लपैकी 15 टक्के दोन्ही कानांनी बहिरे. ब्रिटनच्या केनेल क्लबने 2013 पासून मर्ल-मर्ल जोडीच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली.

मग दोन मर्ल एकत्र आणू नयेत, एवढं सोपं आहे ना? इथेच गोम आहे. मर्ल फिका करते तो काळा किंवा चॉकलेटी रंग. क्रीम किंवा लालसर कुत्र्यात ती लपून राहते. साधा क्रीम पॉमेरेनियन दिसतो, पण जनुक घेऊन फिरतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनए टेस्ट केली तरच ते कळतं. फ्रेंच बुलडॉगची गंमत तर वेगळीच. या जातीत मर्ल मुळात नव्हतीच. म्हणजे ‘मर्ल फ्रेंची’ प्युअर असल्याचं कोणी सांगत असेल, तर मागे कुठेतरी दुसरी जात मिसळली आहे.

रंगाच्या हट्टाचं आणखी एक उदाहरण म्हणजे डाल्मेशियन. ही पिल्लं पांढरी जन्मतात, ठिपके नंतर उमटतात. काही पिल्लं मात्र जन्मतःच एक मोठा काळा पट्टा घेऊन येतात. डॉग शोमध्ये असा ‘पॅच’ म्हणजे थेट बाद. पण अभ्यासात दिसलं ते उलटंच. पॅचवाल्यांमध्ये बहिरेपण कमी असतं, कारण त्यांच्या अंगात रंगपेशी जास्त पसरलेल्या असतात. म्हणजे शोसाठी जी पिल्लं बाजूला काढली, तीच कानाने जास्त धड होती.

दरवेळी दोष रंगाच्या जनुकाचाच असतो असंही नाही. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या लॅब्रॅडॉरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चॉकलेट लॅबचं आयुष्य साधारण 10.7 वर्षं आणि बाकी रंगांच्या लॅबचं 12.1 वर्षं निघालं. कानाचे आणि त्वचेचे आजारही चॉकलेटमध्ये जास्त. चॉकलेट रंगासाठी आई-बाप दोघांकडूनही तेच जनुक लागतं. त्यामुळे ब्रीडर मोजक्याच कुत्र्यांमधून जोड्या लावतात आणि त्या घराण्यातले आजारही सोबत येतात, असा संशोधकांचा अंदाज आहे.

भारतात 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे हवी आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. केसीआयचे पेपर वंशावळ सांगतात, तब्येत नाही. म्हणून आई-बाप प्रत्यक्ष दाखवा म्हणायचं, निदान व्हिडिओ कॉलवर. मर्ल असेल तर दोघांची डीएनए टेस्ट मागायची. ‘बाप दुसऱ्या शहरात आहे’ असं उत्तर आलं आणि फोटोही मिळत नसेल, तर अ‍ॅडव्हान्स पाठवू नका.

पांढरट पिल्लू आधीच घरी आलं असेल, तर ते झोपलेलं असताना मागून टाळी वाजवून बघा. फक्त पायाची धमक किंवा हवेचा झोत त्याला लागता कामा नये. एकाच कानाचं बहिरेपण मात्र असं कळत नाही, त्यासाठी ‘बेअर’ नावाची चाचणी असते. व्हेटला विचारून घ्या. बहिरं निघालं म्हणून त्याला सोडून द्यायची गरज नाही. अशी कुत्री हाताच्या खुणांवर बस, थांब, ये सगळं शिकतात. फक्त रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही, कारण मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्याला ऐकूच येणार नाही.