तीन खेळ, दोन सांधे

पोहणे, सायकल आणि धावणे तिन्ही सुटेसुटे जमणाऱ्यांचीही पहिल्या ट्रायथलॉनमध्ये दमछाक होते. नवख्यांसाठीच्या ‘स्प्रिंट’ प्रकारात 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणे असते. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून खेळल्या जाणाऱ्या अंतराच्या बरोबर निम्मे. अंतरे आवाक्यातली आहेत. कस लागतो तो एका खेळातून दुसऱ्यात शिरताना.

पाण्यात शरीर आडवे असते आणि पाण्याचा दाब पायांतले रक्त हृदयाकडे परतायला मदत करतो. किनाऱ्याला लागून ताडकन उभे राहिले की रक्त पायांत उतरते, रक्तदाब घसरतो आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून शेवटच्या पन्नासेक मीटरमध्ये पाय जरा जोराने मारावेत. पोटऱ्या आवळल्या की शिरांतले रक्त वर सरकते. बाहेर आल्यावर आधी चालावे, मग धावावे.

दुसरा सांधा अधिक अवघड. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते. मांड्या पायडल दाबतात, पण जमिनीचा दणका बसत नाही. धावताना प्रत्येक पावलागणिक वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो आणि ताणले जात असतानाच स्नायूंना तो झेलावा लागतो. कोणता स्नायू कधी आवळायचा, हा मेंदूने बसवलेला क्रम बदलायला थोडा वेळ जातो. तोवर पाय लाकडाच्या ओंडक्यासारखे वाटतात, पावले आखूड पडतात. दम संपला, असे समजून नवखे इथेच धीर सोडतात.

यावर इलाज सरावाचाच. आठवड्यातून एकदा सायकल चालवून झाल्यावर लगेच बूट चढवून दहा मिनिटे धावायचे. खेळाडू याला ‘ब्रिक’ म्हणतात. स्पर्धेत सायकलचा शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर काढायचा.

नवख्याला एकूण दीड-दोन तास लागतात. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा बऱ्याच अंशी तेवढ्याला पुरतो, त्यामुळे त्या सकाळी पोटावर नवे प्रयोग नकोत. आपल्याकडे उन्हाची काळजी अधिक. शरीराला उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस आधीपासून थोडा सराव उन्हात हवा.

तलावात किंवा समुद्रात टेकायला भिंत नसते आणि दिशा दाखवायला तळाशी रेघही नसते. दर काही हातांनंतर डोळे वर काढून खूण हेरायला शिका. हा सराव मात्र एकट्याने कधीही करू नका.