मातीत हात घालण्याआधी

धान रोवण्याच्या दिवसांत खैरलांजी तहसिलीतल्या बांध्यांमध्ये हातमोजे घातलेला माणूस शोधूनही सापडणार नाही, आणि त्यात काही चुकत नाही. पऱ्ह्याची जुडी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटांनी दोन-तीन रोपं सुटी करायची, चिखलात बेताने रुतवायची आणि मूळ वर न उचलता बोट काढून घ्यायचं. चिखल किती घट्ट आहे, रोप किती खोल गेलं, हे बोटांनाच कळतं. रबराच्या आवरणातून ते कळत नाही. दिवसभर वाकून रोवणाऱ्या बाईच्या हातात कुणी हातमोजे दिले, तर पहिल्या तासातच ती ते काढून धुऱ्यावर ठेवील.

बागकाम करताना हातमोजे घालावेत का, हा प्रश्न शहरात कुंड्यांच्या दुकानात पडतो. खेड्यात तो कुणी विचारत नाही. खरं तर तिथेच तो आधी विचारायला हवा, कारण ज्यांचे हात वर्षाचे बारा महिने मातीत असतात, त्यांच्याच हातांवर सगळ्यात जास्त बेतलेलं असतं.

ही खैरलांजी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याची. भंडारा जिल्ह्यातल्या ज्या गावाचं नाव 2006च्या हत्याकांडाने महाराष्ट्राच्या मनावर कोरलं गेलं, ते गाव वेगळं. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा पट्टा 1956पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे सीमा बदलली, तरी पोवारी, मराठी आणि हिंदी इथे एकाच ओसरीवर ऐकू येतात. मुख्य पीक धान. जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला 2021मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घरामागच्या बाडीत वांगी, भेंडी, वाल, मिरची, कोचई म्हणजे अळू, कडेला पपई नि लिंबू. पुरुषांचा दिवस बांधीत जातो, बाडी बहुतेक बायकांच्या हाताखाली असते.

या बाडीत एका दिवसात दहा कामं होतात, आणि प्रत्येक कामाला हाताचं उत्तर वेगळं आहे. रोप लावताना, बी टोकताना, कोवळी वेल मांडवावर चढवताना हात उघडाच बरा. यंत्राजवळ तर हातमोजा काढायलाच हवा. कडबाकुट्टीत किंवा थ्रेशरमध्ये सैल मोजा अडकला, की त्याच्या मागोमाग हात ओढला जातो. थ्रेशरपायी इतके हात गेले, की 1983मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. सुरक्षेची वस्तूच तिथे जीवघेणी ठरू शकते.

गाजर गवत उपटताना मात्र उघडा हात नको. 1950च्या दशकात पुण्यात ठळकपणे नजरेत भरलेलं हे तण आता देशभर पसरलं आहे. त्याच्या पानांत आणि फुलांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते अंगाला वारंवार लागलं, की काही लोकांच्या शरीराला त्याची ॲलर्जी जडते. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग कोपराच्या खोबणीत, मानेवर, पापण्यांवर. त्वचा जाड, काळसर होते, उन्हात आग होते. 1970च्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या विकाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केली, तेव्हा त्यांच्यापुढे मोठ्या संख्येने असे रुग्ण येत होते. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर साथ सोडत नाही. जो माणूस वीस वर्षं ते गवत उघड्या हाताने उपटत आला, त्याला एकविसाव्या वर्षी त्रास सुरू होऊ शकतो. ‘आम्हाला काही होत नाही’ या भरवशाला म्हणूनच अर्थ नाही.

बालाघाटहून फार दूर नसलेल्या जबलपूरला केंद्र सरकारचं तण संशोधन निदेशालय आहे. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा आठवडा ते गाजर गवताविषयीच्या जागृतीसाठी पाळतं. मूळचा मेक्सिकोचा, या तणाची पानं खाऊन जगणारा भुंगेराही तिथून पसरवला जातो. तारीख अगदी नेमकी आहे: तेव्हा निंदण चालू असतं, माती ओली असते, गवत मुळासकट येतं. फूल धरायच्या आत उपटलं तर बी पडत नाही, आणि परागाचा त्रासही टळतो. हातमोजे इथे हवेतच, पण लांब बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडकं नसेल तर ते एकटे पुरत नाहीत, कारण हे गवत हवेतूनही लागतं. मुलांच्या हाती तर हे काम द्यायचंच नाही.

ज्या वनस्पती पटकन चटका देतात, त्यांच्याबाबतीत आपल्या लोकांनी फार पूर्वीच उपाय काढले. कोचईचे कंद किंवा सुरण चिरताना हाताला तेल नाहीतर चिंच चोळायची. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. बिब्याचं तेल त्याहून वाईट. ते लागल्यावर फोड लगेच येत नाहीत, दिवस-दोन दिवसांनी येतात, म्हणून कशाने आले हेच कळत नाही. बिबा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. कैरीच्या देठाच्या चिकाने ओठ सोलवटतात, ते याच कुळाच्या गुणाने. बिबे फोडणाऱ्यांनी आणि चिकाचं काम करणाऱ्यांनी हाताला तेल लावण्याची रीत चांगली आहे, पण रबरी मोजा तेलाच्या थरापेक्षा जास्त भरवशाचा. फक्त त्याच मोज्याने डोळा चोळायचा नाही. रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला, तर बुबुळाला इजा होते.

आता मातीकडे येऊ. माती स्वच्छ असते, ती अंगाला लागलेली चांगली, असं आपण मानतो, आणि निरोगी माणसाच्या न फाटलेल्या कातडीपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण ओल्या, गरम मातीत, विशेषतः धानाच्या चिखलात, एक जिवाणू राहू शकतो. त्याचं नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, आणि त्याच्या रोगाला म्हणतात मेलिऑयडोसिस. 1912मध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी रंगूनमध्ये त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलियात तो चांगलाच ओळखीचा आहे. आपल्याकडे मात्र तो कर्नाटकच्या किनाऱ्यापुरताच आहे, असा बराच काळ समज होता. 2025मध्ये भोपाळच्या एम्सने राज्यातल्या डॉक्टरांना या रोगाबद्दल सावध केलं, कारण मध्य प्रदेशातल्या अनेक जिल्ह्यांतून असे रुग्ण सापडले होते, आणि त्यांत धानाच्या शेतीतली माणसं होती.

मला हा रोग सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, तो त्याच्या वेषांतरामुळे. ताप, खोकला, वजन घटणं, फुप्फुसात डाग: क्षयच वाटतो. क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, महिने जातात, गुण येत नाही. कधी यकृतात किंवा प्लीहेत गळू होतं, कधी सांध्यात पू. क्षयाची नेहमीची औषधं या जिवाणूवर चालत नाहीत. आधी किमान दहा-चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेमसारखं औषध आणि नंतर काही महिने गोळ्या, असा लांब उपचार लागतो. तो वेळेवर मिळाला तर माणूस वाचू शकतो. सगळ्यात जास्त धोका मधुमेह असलेल्यांना. आणि मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही, हे गावच्या कुठल्याही आशाताईंना विचारा.

मग रोवण्याबद्दल वर म्हटलं ते मागे घ्यायचं का? नाही. हा जिवाणू बहुतेक वेळा चिरलेल्या, खरचटलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून शिरतो. ज्याचे हात धड आहेत आणि प्रकृती ठीक आहे, त्याने उघड्या हाताने रोवावं, काम संपलं की साबणाने हात-पाय धुवावेत. ज्याला मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा ज्याच्या बोटाला विळा लागला आहे, त्याने त्या दिवशी चिखलात उघडा हात घालू नये. शक्य असेल तर रोवण्याऐवजी दुसरं काम घ्यावं. पायांनाही हेच लागू, गमबूट अशांसाठीच आहेत. आणि असा माणूस तापाने पडला, तर डॉक्टरांना आपण चिखलात काम करतो हे आपणहून सांगावं. ते एक वाक्य निदानाचे महिने वाचवू शकतं.

शेणखतात हात घालताना धनुर्वाताची आठवण ठेवावी. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून 2015मध्ये हटला, पण त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात आहेतच. बोरीचा किंवा गुलाबाचा काटा कापडी मोज्यातून सहज आत जातो, म्हणून दर दहा वर्षांनी टीडीची सुई घ्यायची, मोजे असोत-नसोत. ऑस्ट्रेलियात कंपोस्टच्या पिशव्यांवर हातमोजे आणि मास्क वापरा असा इशारा छापतात, कारण कुजलेल्या खतातला लेजिओनेला हा जिवाणू श्वासातून फुप्फुसात जातो. खताचा ढीग उलटण्याआधी त्यावर पाणी शिंपडलं की धूळ बसते.

फवारणीच्या बाबतीत तर दुसऱ्या मताला जागाच नाही. 2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो जण दवाखान्यात होते. श्वासातून जातं तसंच विष कातडीतूनही जातं, आणि फवारण्यापेक्षा औषध मिसळण्याचं काम हातांना जास्त घातक. कारण तेव्हा बाटलीतलं द्रव्य पाण्याने पातळ झालेलं नसतं. बाडीतल्या चार वांग्यांसाठी झाकणभर औषध उघड्या हाताने बादलीत ढवळणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते पाहताना जीव खालीवर होतो. पॅराक्वाट या तणनाशकावर तर उताराच नाही.

यासाठी कोणता मोजा? नायट्राइलचा, आतून अस्तर नसलेला, कोपरापर्यंत येणारा. कापडी आणि चामडी मोजे फवारणीला घातक, ते औषध शोषून घेतात आणि तासन्‌तास कातडीला लावून ठेवतात. अशा वेळी मोजा नसलेला परवडला, निदान हात लगेच धुता तरी येतो. दवाखान्यातले पातळ मोजे फाटतात. फवारा खालच्या दिशेने असेल तर सदऱ्याची बाही मोज्याच्या वर घ्यावी. उंच झाडावर मारताना हात वर जातो, तेव्हा मोजा बाहीवर चढवून त्याची कड बाहेर दुमडावी, म्हणजे ओघळ आत शिरत नाही. काढण्याआधी मोजे हातात असतानाच साबणाने धुवावेत. मोजा आतून एकदा ओला झाला, की तो टाकून द्यायचा. डब्यावरचा लाल त्रिकोण सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरव्यालाही मोजे लागतातच.

हे मोजे आणायचे कुणी? रोजीने निंदायला येणाऱ्या बाईकडून ती अपेक्षा करणं अन्याय आहे. ज्याचं वावर, त्याने विळा आणि फवाऱ्याबरोबर मोजेही आणावेत. तणनाशकाच्या बाटलीच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. आणि आणताना बाईच्या मापाचे आणावेत. दुकानात बहुधा पुरुषांच्या मापाचेच मोजे टांगलेले असतात. ते बाईच्या हातात लोंबतात, बोटांची टोकं रिकामी राहतात, विळा नीट धरता येत नाही, म्हणून ती ते काढते आणि मग ‘बायकांना मोजे जमत नाहीत’ असं आपण म्हणतो. माप काढणं सोपं आहे. अंगठा सोडून तळहाताभोवती टेप गुंडाळायचा. जितके इंच येतील, साधारण तोच मोज्याचा नंबर. सात इंच आले तर सात नंबर. वारासिवनी किंवा तुमसरच्या बाजाराला जाताना घरातल्या नि कामावरच्या प्रत्येकीचा आकडा कागदावर लिहून न्यावा, आणि दुकानात सात नंबर नसेल तर मागवून घ्यायला सांगावं.