माहिती तंत्रज्ञान विभाग, उद्योगसंस्थांतील

उद्योगसंस्थेतील संगणक, संदेशवहनाची जाळी, आज्ञावल्या आणि साठविलेली माहिती यांची उभारणी, देखभाल व संरक्षण करणारा विभाग. उत्पादन, विक्री, लेखा इ. सर्व विभागांचे दैनंदिन काम त्याच्यावर अवलंबून असते. त्याचा खर्च मात्र त्याच्या स्वतःच्या नावे पडतो आणि लाभ इतर विभागांच्या हिशेबात दिसतो. त्याच्या व्यवस्थापनातील बहुतेक अडचणी या विषमतेतून उद्‌भवतात.

इतिहास : व्यापारी कामासाठी संगणकाचा नियमित वापर ब्रिटनमधील जे. लायन्स अँड कंपनी या उपाहारगृहे व बेकरी चालविणाऱ्या संस्थेने १९५१ मध्ये सुरू केला. त्यासाठी तिने ‘लिओ’ हा संगणक स्वतःच बांधला. पुढील दोन दशकांत बहुतेक संस्थांत संगणक हा लेखाविभागाच्या आधिपत्याखाली असून त्याचा उपयोग मुख्यत्वे पगारपत्रके व हिशेब यांसाठी होई. संगणकावरील खर्च प्रारंभ, झपाट्याचा प्रसार, नियंत्रण व एकात्मीकरण अशा अवस्थांतून जातो, अशी मांडणी अमेरिकन व्यवस्थापनतज्ञ रिचर्ड नोलन यांनी १९७३ च्या सुमारास केली. १९८० नंतर व्यक्तिगत संगणक प्रत्येक विभागात पोहोचले आणि विभागाची मक्तेदारी संपली. त्याला न विचारता घेतलेल्या साधनांचीही जबाबदारी मात्र त्याच्यावरच येऊ लागली.

खर्च व उपयुक्तता : संगणकयुग सर्वत्र दिसते, उत्पादकतेच्या आकडेवारीत मात्र दिसत नाही, अशा आशयाचे मत अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये व्यक्त केले. केवळ यंत्रे घेतल्याने लाभ होत नाही. त्यांना अनुरूप अशी कामाची पद्धत बदलावी लागते आणि तो अधिकार इतर विभागांकडे असतो. माहिती तंत्रज्ञान विजेप्रमाणे सर्वांस उपलब्ध झाल्याने त्यातून स्पर्धेत विशेष लाभ मिळत नाही, म्हणून संधीपेक्षा जोखमीकडे अधिक लक्ष द्यावे, असा युक्तिवाद निकोलस कार यांनी २००३ मध्ये केला. त्यावर बराच वाद झाला.

प्रकल्प व जुन्या प्रणाली : उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसे वाढविल्यास तो अधिकच लांबतो, असे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. नवागतांना शिकविण्यात अनुभवी माणसांचा वेळ जातो आणि परस्परसंपर्काचा भार वाढतो : पाच जणांत दहा जोड्या होतात, तर दहा जणांत पंचेचाळीस. जुन्या आज्ञावल्यांची देखभाल हे त्याहून कमी दिसणारे काम होय. त्यांची माहिती बहुधा मोजक्या कर्मचाऱ्यांपुरतीच असते. ते निवृत्त झाले की बदल करणे धोक्याचे ठरते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे व्यवहार संस्थेच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली बसविण्याचे राहून गेले. त्यामुळे त्यातील वापराबाहेर गेलेला जुना भाग कार्यान्वित झाला आणि सु. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

बाह्य पुरवठादार : १९८९ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने आपली संगणक केंद्रे चालविण्याचे काम आयबीएमकडे सोपविले, त्यानंतर ही प्रथा बरीच रूढ झाली. पुरवठादारावरील अवलंबनाचा अनुभव भारतास आधीच आला होता : १९७८ मध्ये आयबीएमने येथील व्यवसाय बंद केल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीस स्वीकारावी लागली. काम बाहेर देता आले, तरी उत्तरदायित्व बाहेर देता येत नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेची खाती २०१८ मध्ये नव्या प्रणालीवर नेताना सेवा विस्कळीत होऊन असंख्य ग्राहकांना आपल्या खात्यांचे व्यवहार करता येईनात. २०२२ मध्ये बँकेला ४.८६५ कोटी पौंड दंड झाला. पुढील वर्षी, पुरवठादारावर पुरेशी देखरेख न ठेवल्याबद्दल, तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यास वैयक्तिक दंडही झाला.

सुरक्षा : २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक संस्थेचे संगणक निकामी केले. त्या समूहाकडील जवाहरलाल नेहरू बंदरातील (न्हावा-शेवा) मालधक्क्याचे कामही खोळंबले. सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभारावे लागले. वापरकर्त्यांच्या नोंदींची शाबूत प्रत केवळ घानामधील कार्यालयात मिळाली; वीज गेल्याने तेथील संगणक त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. राखीव प्रती व सराव यांवरील खर्च अशा प्रसंगापर्यंत अनुत्पादक वाटतो, म्हणून काटकसरीत प्रथम त्यालाच कात्री लागते. भारतात २०२२ पासून अशा घटनांची सूचना शासकीय यंत्रणेस सहा तासांत देणे बंधनकारक आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला.

उपाययोजना : खर्च वापरानुसार संबंधित विभागांवर आकारणे, प्रकल्पांचा अग्रक्रम सर्व विभागांच्या समितीने ठरविणे, देखभाल व सुरक्षा यांसाठी निधी स्वतंत्र राखणे आणि विभागप्रमुखास संचालक मंडळापुढे थेट निवेदन करता येणे, हे उपाय प्रचलित आहेत. मात्र आकारणी अती काटेकोर झाल्यास इतर विभाग परस्पर स्वस्त साधने घेतात आणि सुरक्षेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. विभागाकडे जितकी जबाबदारी, तितका अधिकार देणे हाच या उपायांचा समान आधार होय.