नववं धोरण

गुजरातीत इयत्तेला 'धोरण' म्हणतात. मराठीत धोरण म्हणजे सरकार आखतं ते. वडोदऱ्याच्या मराठी घरांत हा शब्द दोन्ही अर्थांनी वावरतो, आणि मूल आठवीतून नववीत जाताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मूल 'नवव्या धोरणात' कुठे बसणार हे त्याच्या हुशारीइतकंच धोरणावर ठरतं, आणि धोरणाबद्दल घरोघरी जे बोललं जातं त्यातलं निम्मं ऐकीव असतं.

हरणी रोडवर केंद्रीय विद्यालय क्रमांक १ आहे. अलीकडे विमानतळ, पलीकडे भीडभंजन मारुतीचं देऊळ, मध्ये वाढत चाललेल्या सोसायट्या. सोसायटीतल्या गप्पांत एक समज पक्का रुतलेला आहे: सहावी, सातवी, आठवीचे गुण चांगले राहिले की केंद्रीय विद्यालयाचं नववीचं दार उघडतं. म्हणून सहावीच्या घटक चाचणीत चार गुण गेले तरी घर सुतकात.

वस्तुस्थिती अशी की त्या प्रवेशासाठी मधल्या तीन वर्षांच्या गुणांची बेरीज कुणी करत नाही. मान्यताप्राप्त शाळेतून आठवी उत्तीर्ण झालेलं मूल अर्ज करू शकतं. मग प्रवेश परीक्षा होते. हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र, प्रत्येकी २० गुण, एकूण १००. पात्र ठरायला ३३ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग मुलांना २५. हे सगळं नववीत जागा रिकाम्या असल्या तरच. त्या नसतील तर आठवीतल्या ९५ टक्क्यांचं कौतुक घरच्या घरीच करायचं.

मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्या मुलाची खरी अडचण वेगळीच असते. या परीक्षेत त्याची शाळेची भाषा कुठेच नाही. हिंदी आणि इंग्रजी मिळून ४० गुण आहेत. प्रगतिपत्रकातल्या चार गुणांपेक्षा ही चाळीसची गोष्ट पालकांनी आधी बघायला हवी.

परीक्षा नववीलाच का? शिक्षण हक्क कायदा, २००९ हा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे, आणि प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावू नये असं तो सांगतो. केंद्रीय विद्यालयात त्यामुळे दुसरी ते आठवीला परीक्षा नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त झाले की सोडत. नववीला कायद्याची हद्द संपते आणि प्रश्नपत्रिका सुरू होते.

दुसरा समज अंतराचा. "शाळा तर आपल्या दारातच आहे!" घराचं अंतर मोजलं जातं, पण ते पहिलीत, शिक्षण हक्काच्या एक चतुर्थांश जागांसाठी. मोठ्या शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची मर्यादा पाच किलोमीटर. नववीला पालकांची नोकरी मोजतात. पहिला प्रवर्ग केंद्र सरकारचे कर्मचारी आणि माजी सैनिक, दुसरा केंद्राच्या स्वायत्त संस्था व सार्वजनिक उपक्रम, मग राज्य सरकारचे कर्मचारी, मग राज्याचे उपक्रम, आणि शेवटी बाकी सगळे. प्रवेश परीक्षेची गुणवत्ता यादीसुद्धा प्रवर्गानुसार लागते. शाळेच्या भिंतीला भिंत लागून दुकान असणाऱ्याचा मुलगा पाचव्या प्रवर्गात, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणारी हवाई दलातल्या कर्मचाऱ्याची मुलगी पहिल्या. हे अन्यायाचं वाटू शकतं. पण या शाळा १९६३ मध्ये सुरू झाल्या त्याच मुळी बदलीच्या नोकरीमुळे मुलांची शाळा दर दोन-तीन वर्षांनी तुटू नये म्हणून. तिथे शेजारी दुय्यम ठरतो, हे त्या हेतूतच आलं.

आणि मग अमेरिकेतल्या नातेवाइकाचा निरोप येतो (वडोदऱ्यात असा नातेवाईक नसलेलं घर शोधावं लागेल): "सातवीचे ग्रेड्स जपा, त्यावरच हायस्कूल ठरतं." तो खोटं बोलत नाही. न्यूयॉर्कमधल्या बऱ्याच निवडक सरकारी शाळा सातवीचे अंतिम गुण खरोखर पाहतात. पण तिथल्याच स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या नामांकित शाळांत प्रवेश फक्त एका परीक्षेवर होतो, आणि तसा राज्याचा कायदाच १९७१ मध्ये झाला. एका शहरात दोन तऱ्हा. तिथला अर्धा नियम उचलून हरणीत लावला की घोटाळा होणारच.

सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते जवाहर नवोदय विद्यालयाबद्दल. या योजनेचा पहिला प्रयोग १९८५-८६ मध्ये दोन ठिकाणी झाला, हरियाणात झज्जर आणि महाराष्ट्रात अमरावती. त्यामुळे मराठी माणसाला नवोदय तसं घरचंच. सहावीची निवड परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण एकट्या बुद्धिमत्ता चाचणीला, उरलेले अंकगणित आणि भाषेला निम्मे निम्मे. पाचवीतला पहिला नंबर इथे कुणी विचारत नाही. "या वर्षी अनुभव म्हणून बसवू, पुढच्या वर्षी नीट तयारी करू" हे तर अजिबात चालत नाही. सहावीच्या परीक्षेला मुलाला आयुष्यात एकदाच बसता येतं.

त्याहून खोल खड्डा 'ग्रामीण'चा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. अनेकांना वाटतं, गावी शेत आहे, आजोबा वाघोडियाकडे राहतात, रेशनकार्डही तिथलंच आहे, म्हणजे मूल ग्रामीण झालं. घर कुठे आहे यावर ते ठरत नाही, शाळा कुठे आहे यावर ठरतं. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली हवीत. मधला एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर नाव असलं, तरी मूल शहरी. हरणी महापालिकेच्या हद्दीत आहे. इथल्या शाळेत शिकणारं मूल त्यामुळे उरलेल्या जागांसाठी झगडतं, तर वाघोडिया तालुक्यातल्या गावच्या शाळेत शिकणारा त्याचा मावसभाऊ त्याच जिल्ह्याच्या त्याच नवोदयासाठी वेगळ्या रांगेत असतो. हा निर्णय पालकांनी नकळत तिसरीतच घेतलेला असतो.

सहावीची संधी हुकली तर नववीला आणखी एक खिडकी आहे, रिकाम्या जागांपुरती. तिथे १०० पैकी ७० गुण गणित आणि विज्ञानाचे. आठवीचा अभ्यासक्रम कच्चा राहिलेल्या मुलाला कुठल्याही श्रेणीचा आधार तिथे मिळत नाही.

सैनिक शाळेचं त्रांगडं वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांना विशेष लागू पडतं. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, जामनगरजवळच्या बालाचडीचीही त्याच वर्षीची. आडनाव मराठी, कुलदैवत महाराष्ट्रात, म्हणून "साताऱ्यात आपल्याला घरचा हक्क" असं धरून चालणारे आहेत. पण ६७ टक्के जागा त्या राज्याच्या अधिवासी मुलांना, उरलेल्या ३३ टक्के इतर राज्यांना. अधिवासाचा दाखला गुजरातचा असेल तर ते मूल बालाचडीला घरचं आणि साताऱ्याला पाहुणं. गायकवाडांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्यांचा दाखला दुसऱ्या कुठला असणार? भाषेचीही एक गोम आहे: सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची फक्त इंग्रजीतून. नववीच्या ४०० गुणांपैकी २०० एकट्या गणिताचे.

मग मधल्या वर्गांच्या गुणांना काहीच किंमत नाही? हा उलटा गैरसमजही तितकाच महाग पडतो. "आठवीपर्यंत नापास करतच नाहीत" हे वाक्य आता जुनं झालं. कायदा २०१९ मध्ये बदलला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या शाळांपुरता नियम काढला. केंद्रीय, नवोदय आणि सैनिक शाळांत पाचवी किंवा आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला दोन महिन्यांत फेरपरीक्षा मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात राहावं लागतं.

आणि एक जागा अशी आहे जिथे सातवीचे गुण अगदी आकड्यांत मोजले जातात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, तोंडात बसलेलं नाव 'एनएमएमएस'. आठवीत परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. परीक्षेला बसायचं तर सातवीत किमान ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत. ही शिष्यवृत्ती सरकारी, अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी आहे. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयातली मुलं तिला पात्र नाहीत. ज्या शाळेत जाता आलं नाही म्हणून घर हळहळत असतं, त्या शाळेत मूल असतं तर हा अर्जच भरता आला नसता.

महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत आठवीच्या मुलांना या परीक्षेबद्दल सांगितलं जातं, तेव्हा काही पालक मुलाला त्या दिवसापासून अभ्यासाला बसवतात. अर्जात मात्र गुण सातवीचे भरायचे असतात, आणि ते प्रगतिपत्रक मागच्या वर्षीच सही करून कपाटात ठेवलेलं असतं.