कचराकुंडी नसलेलं बेट : तिलोस

ऱ्होड्सहून निघालेली बोट लिवादिया बंदराला लागते, तेव्हा धक्क्याजवळच्या खानावळी आणि डोंगरउतारावरची पांढरी घरं समोर येतात. रस्त्याच्या कडेला कचराकुंडी मात्र कुठेच दिसत नाही. एजियन समुद्रातल्या तिलोस या छोट्या ग्रीक बेटाने सार्वजनिक कुंड्याच हटवल्या आहेत.

हिवाळ्यात इथे पाचेकशे माणसं राहतात. उन्हाळ्यात पर्यटकांमुळे संख्या कित्येक पटींनी वाढते आणि कचराही. पूर्वी तो सगळा बेटावरच्याच डेपोत पुरला जाई. डिसेंबर २०२१मध्ये नगरपालिकेने पॉलीग्रीन या कंपनीच्या साथीने ‘जस्ट गो झिरो तिलोस’ हा उपक्रम सुरू केला आणि डेपोची वाट बंद झाली.

आता प्रत्येक घर आणि हॉटेल कचरा तीन पिशव्यांत वेगळा करतं: स्वयंपाकघरातला ओला, पुन्हा वापरात येणारा सुका आणि या दोन्हींत न बसणारा उरलेला. ठरल्या वेळी गाडी दारात येते. पिशवीवरचा क्यूआर कोड स्कॅन होतो, त्यामुळे कोणत्या घरातून काय आलं याची नोंद राहते. कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकलेला कचरा कुणाचाच नसतो. इथे प्रत्येक पिशवीला घर आहे. मला या योजनेचं सगळं बळ इथेच दिसतं.

पुढचं काम बेटावरच्या केंद्रात चालतं. सुका कचरा तिथे हातांनी पुन्हा निवडला जातो. ओल्याचं खत होतं, सुक्यातला कागद, काच आणि धातू बोटीने बाहेर पाठवले जातात. ज्याचं काहीच होत नाही ते बारीक करून सिमेंट भट्टीला इंधन म्हणून जातं. हा शेवटचा भाग जाळलाच जातो, हे विसरून चालणार नाही. तरीही ८० टक्क्यांहून अधिक कचरा पुनर्वापर, पुनर्चक्रण आणि खत यांच्या वाटेला लागतो, ही मोठी कमाई आहे.

वस्तू वाया न घालवणं या बेटाला नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मिक्रो होरियो या डोंगरावरच्या गावातले लोक हळूहळू लिवादियाला उतरले. जाताना छपरांचं लाकूडही सोबत घेऊन गेले, कारण लाकूड मिळणं अवघड होतं. आज तिथे बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत.

निसर्गाच्या बाबतीतही तिलोस आधीपासून पुढे आहे. १९९३पासून इथे शिकारीला बंदी आहे. समुद्राखालच्या केबलवरून येणारी वीज सारखी जायची. मग ८०० किलोवॅटची पवनचक्की, १६० किलोवॅटचे सौर पॅनेल आणि मोठ्या बॅटऱ्या आल्या. ज्या लोकांनी वीज घरची केली, त्यांना कचराही घरचाच प्रश्न वाटला.

तिलोसला जायचं तर ऱ्होड्स किंवा कोसहून बोट मिळते. मिक्रो होरियोची पायवाट आणि बुटक्या हत्तींच्या हाडांसाठी ओळखली जाणारी हारकादियो गुहा चुकवू नका. मुक्कामी राहिलात तर वर्गीकरणाचा नियम तुम्हालाही लागू आहे. आपल्याकडे घंटागाडी दारात येते आणि ओला-सुका हे शब्दही सगळ्यांना ठाऊक आहेत. पिशवी आपली आहे एवढं मानणं तेवढं बाकी आहे, आणि त्यासाठी बेटावर राहावं लागत नाही.