खेळाडूंच्या शिष्यवृत्तीचा करारनामा

खाजगी शाळेने एखाद्या मुलास केवळ क्रीडानैपुण्यावर प्रवेश द्यावा, त्याची फी माफ करावी आणि ऐपत असेल तर निवासाचा व भोजनाचाही खर्च सोसावा, या प्रथेला विद्येचे औदार्य म्हणावे की चषकांची खरेदी, हा वाद अनेक देशांत चालू आहे. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या अखेरीस ऑकलंडच्या दहा शाळांनी सेंट केंटिगर्न या शाळेशी रग्बीचे सामने न खेळण्याचा पवित्रा घेतला. इतरांनी घडवलेले खेळाडू ती आपल्याकडे ओढते, ही त्यांची तक्रार. उलट इंग्लंडात जॅक मेयर यांनी १९३५ साली हिंदुस्थानातून आणलेल्या सात मुलांनिशी मिलफील्ड शाळा काढली आणि पुढे श्रीमंतांकडून अधिक फी घेऊन गुणवान गरिबांचा भार हलका करण्याचा शिरस्ता पाडला.

गोव्यात या प्रश्नाचे रूप निराळे आहे. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, परंतु माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खाजगी संस्थांनी वाहिला आणि शिक्षकांचे वेतन सरकारी अनुदानातून मिळू लागले. ज्या हायस्कुलाची मालकी खाजगी पण खजिना सार्वजनिक, त्याला आपली शिष्यवृत्ती ही घरची बाब आहे असे म्हणता येणार नाही.

शिवाय अनुदानामुळे फी मुळातच कमी असलेल्या अशा शाळेत फीमाफीने फारसे काही साधत नाही. पेडणे तालुक्यातील तेरेखोल हे गाव नदीपलीकडे असल्यामुळे तेथून केरीला येण्यास फेरीबोट लागते. अशा ठिकाणच्या मुलाला सायंकाळच्या सरावानंतर घरी पोचविणारे वाहन, पायांत बूट आणि पोटभर जेवण मिळाले, तरच शिष्यवृत्ती या शब्दाला अर्थ येतो.

डिचोली तालुक्याने ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिली आहे. सेसा गोवा या खाण कंपनीने १९९९ साली सेसा फुटबॉल अकादमी स्थापन केली आणि साखळीच्या खाणीची जमीन पुन्हा वापरात आणताना तेथे अकादमीलाही जागा दिली. निवडलेल्या मुलांचा निवास, भोजन आणि प्रशिक्षण यांचा भार कंपनीने सोसावा आणि मुलांनी शिक्षणही चालू ठेवावे, अशी ही तजवीज होती. भारतीय संघापर्यंत पोचलेले आदिल खान याच अकादमीतले. पुढे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडून तालुक्याची मिळकतच आटली. अकादमी टिकली याचा आनंद आहे, पण मुलाचे शिक्षण दात्याच्या उत्पन्नाच्या चढउतारावर सोडू नये, हा धडा त्यातून घेतलाच पाहिजे.

आता कायद्याची बाजू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. म्हणून सहावीतल्या मुलाला मैदानावर धावायला लावून मग प्रवेशाचा निकाल देणे त्या कायद्याच्या हेतूस सोडून आहे. प्रवेश आधी व्हावा आणि खेळाचे साहाय्य नंतर मिळावे. गोवा मंडळ दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना क्रीडागुण देते, त्यामुळे शाळेलाही खेळाडूची ओढ असते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या गावच्या शारीरिक शिक्षण शिक्षकाने मुलाचे पाय प्रथम ओळखले, त्याच्या शाळेचा उल्लेख चषकाच्या बातमीत कुठेही नसावा, हा अन्याय आहे, आणि क्रीडा खात्याने त्या शाळेला साहित्याच्या रूपाने वाटा देणे मुळीच अशक्य नाही.

माझ्या मते या सर्व वादाची कसोटी एकच : नववीत गुडघा दुखावलेल्या मुलाचे पुढे काय होते? खेळ सुटताच सवलतही सुटत असेल, तर शाळेने मुलाला शिकवले नाही, त्याला वापरले. साहाय्याची मुदत दुखापत, संघातील जागा किंवा स्पर्धेचा निकाल यांवर अवलंबून न राहता किमान दहावीपर्यंत, आणि शक्य तर बारावीपर्यंत, बंधनकारक असली पाहिजे. ज्या संस्थेला हे पेलत नाही, तिने कमी मुले घ्यावीत.

पेडणे-डिचोलीतील पालकांना माझी विनंती आहे, की मुलाला अशा शाळेत धाडण्यापूर्वी प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. व्यवस्थापनाच्या सहीशिक्क्याचा कागद मागावा, आणि त्यात दुखापतीचे कलम आहे की नाही ते स्वतः वाचून घ्यावे.