स्वस्त रेड वाईनमधला नाशिकचा हंगाम

नाशिक परिसरात तयार होणारी कमी किमतीची रेड वाईन सहसा एका बागेतील द्राक्षांची नसते. दिंडोरी, निफाड अशा तालुक्यांतील अनेक शेतकऱ्यांकडून करारावर घेतलेला माल तिच्यात एकत्र होतो, आणि म्हणून जमिनीची वा हवेची चव शोधावी ती महागड्या बाटल्यांत, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात मिश्रणामुळे एकेका बागेची ओळख पुसली जात असली, तरी त्या वर्षीचा हंगाम सगळ्याच बागांवरून गेलेला असतो आणि त्याच्या खुणा झाकण्याची साधने स्वस्त वाईनकडे फार थोडी असतात.

मूळ प्रश्न अक्षांशाचा आहे. युरोपातील द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होते, वसंतात फुटते आणि शरदात पिकते. सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर वसलेल्या नाशिकमध्ये वेलीला अशी निद्रा आणणारी थंडी पडत नसल्यामुळे ऋतूचे काम शेतकऱ्याच्या कात्रीला करावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात, पावसाळा सरताना गोडी छाटणी करून ते फुटवले जातात, आणि काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. या वेळापत्रकामुळे पिकण्याची दिशाच उलटते, कारण युरोपात फळ पिकत जाते तसे दिवस गार होत जातात, तर नाशिकचा मणी थंडीत रंग धरून चढत्या उन्हात पिकतो. त्या उन्हात साखर भराभर वाढते आणि हिरव्या सफरचंदासारखा आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, परंतु टॅनिन, म्हणजे सालीत व बियांत असणारे आणि जिभेला आवळून धरणारे तुरट द्रव्य, त्या वेगाने पक्व होत नाही. म्हणूनच काढणीचा दिवस ठरवताना साखरेचे प्रमाण दाखवणाऱ्या ब्रिक्सच्या आकड्यावर न थांबता मणी फोडून बी पाहिली जाते. ती हिरवट आणि मऊ असेल तर वाईन कडवट तुरट होण्याचा धोका असतो, तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली तर फळ तयार समजतात.

जमिनीचा परिणाम मुख्यतः पाण्यातून होतो. खोल काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे पाला माजतो, मणी फुगतो आणि रसाच्या मानाने साल कमी पडते. रेड वाईनचा रंग सालीतूनच येत असल्याने ती वाईन फिकी उतरते. मुरमाड उतारावर पाणी निथळून जाते, मणी लहान राहतो आणि रंग गडद येतो, मात्र एकरी उत्पादन घटते, जे स्वस्त बाटलीच्या हिशेबात सहज बसत नाही.

अवकाळी पावसाचे नुकसान त्याहून उघड असते: छाटणीनंतर तो आला तर केवडा रोग कोवळ्या घडांवर येतो, काढणीच्या तोंडावर आला तर मण्यांना तडे जाऊन कूज शिरते. महाग वाईनसाठी असे घड निवडून टाकता येतात आणि ओकच्या पिंपातील दीर्घ मुरवणीने काही उणिवा सौम्य करता येतात. कमी किमतीच्या वाईनमध्ये साल रसात थोडेच दिवस ठेवली जाते, पिंपाचा वापर नाममात्र असतो आणि माल लवकर विक्रीस जातो. अशा वेळी लवकर काढलेल्या, आंबटपणा टिकलेल्या द्राक्षांची वाईन उशिरा पिकलेल्या गोड मालाच्या वाईनमध्ये योग्य प्रमाणात मिसळण्याचे कसब कामी येते, आणि या कसबाला मिळते त्याहून अधिक श्रेय मिळायला हवे.

उन्हात पिकलेल्या या वाईनला पिणाऱ्याच्या घरीही उन्हाचाच सामना करावा लागतो. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील गार घरांतून आलेला आहे. ३० अंशांच्या मराठी घरात तो पाळला तर आधी मद्यार्काचा भपकारा येतो आणि फळाचा गंध मागे पडतो, म्हणून अशी बाटली उघडण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे इष्ट ठरते.